मेटफॉर्मिनची भीती: कुठे रास्त, कुठे अनाठायी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे आहेत. सहा महिन्यांपूर्वी त्यांना टाइप २ मधुमेह असल्याचं कळलं. सुरुवातीला मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा होती, नंतर एकदम १००० मिलिग्रॅम दोनदा झाली. तेव्हापासून रोज तीन-चार वेळा पातळ शौचाला होते, पोट फुगतं, तोंडाला धातूसारखी चव येते. त्यातच एका नातेवाइकांनी सांगितलं की या गोळीने किडनी जाते. वडिलांनी दहा दिवसांपूर्वी गोळी आपणहून बंद केली. पुढच्या महिन्यात त्यांचा पोटाचा सीटी स्कॅन आहे आणि त्यात शिरेतून डाय (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून दिलं जाणारं द्रव्य) देणार आहेत. गोळी पुन्हा सुरू करावी का, तिचे दुष्परिणाम नेमके कोणते आणि स्कॅनच्या वेळी काय करायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

तुमच्या वडिलांचा पोटाचा त्रास खरा आहे आणि तो बहुधा या गोळीचाच आहे. किडनीबद्दल त्यांना जे सांगितलं गेलं ते मात्र बरोबर नाही. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही.

मी अनेक वर्षं मधुमेहाचे रुग्ण पाहते आहे. ही गोळी लिहून दिली की जवळजवळ प्रत्येक घरातून किडनीचा प्रश्न येतो. बी१२ जीवनसत्त्वाबद्दल क्वचित कुणी विचारतं. उलट्या-जुलाब चालू असताना ही गोळी घ्यायची की थांबवायची, हे तर फार थोड्यांना माहीत असतं. मला याची मनापासून काळजी वाटते. नसत्या भीतीने एक चांगलं औषध सुटतं आणि जिथे खरोखर जपायला हवं तिथे कुणाचं लक्ष नसतं.

आधी पोटाबद्दल बोलू, कारण वडिलांनी गोळी सोडण्याचं पहिलं कारण तेच आहे.

मेटफॉर्मिन घेणाऱ्या साधारण चार-पाच जणांपैकी एकाला तरी सुरुवातीला पोटाचा काही ना काही त्रास होतो. पातळ शौच, मळमळ, गॅस, पोटात गुडगुड, भूक कमी होणं, तोंडात धातूची चव. बहुतेकांचा हा त्रास दोन-चार आठवड्यांत आपोआप कमी होतो. शेवटपर्यंत गोळी सोसतच नाही असे लोक शंभरात पाचेक असतात. म्हणजे ज्यांना सुरुवातीला त्रास होतो त्यांतल्या बहुसंख्यांना पुढे ही गोळी नीट चालते, फक्त ती कशी सुरू केली आणि किती वेगाने वाढवली यावर बरंच अवलंबून असतं.

हा त्रास का होतो? औषध तोंडावाटे घेतल्यावर त्याचा बराच भाग आतड्याच्या भिंतीत साचतो. रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट मेटफॉर्मिन आतड्याच्या पेशींत सापडतं. तिथे ते पित्तक्षारांचं पुन्हा शोषण कमी करतं, आतड्यातल्या सेरोटोनिनवर परिणाम करतं आणि तिथल्या जिवाणूंचं प्रमाणही बदलतं. साखर कमी करण्याचं या औषधाचं काम यकृतात जसं चालतं तसं काही अंशी आतड्यातूनही चालतं. त्यामुळे आतड्यावरचा परिणाम हा त्याच्या कामापासून पूर्ण वेगळा काढता येत नाही. म्हणूनच आतड्याला सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. मात्रा एकदम दुप्पट केली तर तो वेळ मिळत नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकं हेच झालेलं दिसतं.

माझी पद्धत अशी असते. पहिला आठवडा, कधी दोन आठवडे, दिवसातून एकदाच ५०० मिलिग्रॅम, रात्रीच्या जेवणासोबत. सोसलं तर ५०० दोनदा. मग दर एक-दोन आठवड्यांनी ५०० वाढवत जायचं. वाढवल्यावर पोट बिघडलं तर मागच्या मात्रेवर परत यायचं, तिथे थोडे आठवडे थांबायचं आणि मग पुन्हा प्रयत्न करायचा. २००० मिलिग्रॅमच्या आसपास या औषधाचा जवळजवळ सगळा फायदा मिळून जातो. त्यापलीकडे साखर फारशी आणखी उतरत नाही, त्रास मात्र वाढतो. १००० मिलिग्रॅमवरही फायद्याचा मोठा भाग मिळतो. त्यामुळे एखाद्याला १५०० वर ठीक वाटत असेल आणि २००० वर नाही, तर १५०० वर थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

गोळी केव्हा घेतली यानेही फरक पडतो. 'जेवणानंतर' असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं आणि लोक जेवून तासाभराने घेतात. जेवणाच्या मधोमध किंवा शेवटच्या घासाबरोबर घेतलेली गोळी पोटाला जास्त सोसते. रिकाम्या पोटी ती घेऊच नये.

यावरही त्रास राहिला तर सावकाश विरघळणारी गोळी देता येते. तिच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असं काहीतरी असतं. औषध हळूहळू सुटत असल्यामुळे आतड्यावर एकदम भार येत नाही. साध्या गोळीने हैराण झालेले कितीतरी लोक या प्रकारावर व्यवस्थित राहतात. दोन गोष्टी मात्र सांगून ठेवते. ही गोळी तोडायची, चावायची किंवा कुटायची नाही, नाहीतर सगळं औषध एका वेळी सुटतं. आणि कधीकधी शौचात गोळीसारखंच काहीतरी पडलेलं दिसतं. ते रिकामं टरफल असतं, औषध आत शोषलं गेलेलं असतं. हे आधी सांगितलं नाही तर लोक घाबरतात, किंवा गोळी पचतच नाही असं समजून बंद करतात.

आता एक प्रश्न तुम्ही वडिलांना विचारा: गोळी बंद केल्यापासून जुलाब थांबले का? आपणहून औषध बंद करणं चांगलं नाही, पण ते बंद झालंच आहे तर त्यातून मिळालेली माहिती फार कामाची आहे. दोन-चार दिवसांत पोट पूर्ववत झालं असेल तर कारण बहुधा गोळीच. दहा दिवसांनंतरही तसंच चालू असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. शौचात रक्त जाणं, वजन झपाट्याने उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, यांतलं काहीही असेल तर ते मेटफॉर्मिनच्या खात्यावर टाकून बसू नये. सीटी स्कॅन कशासाठी ठरला आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो या जुलाबांसाठीच असेल तर गोळी बंद केल्यावर काय झालं हे स्कॅन सांगणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून कळवा.

एक प्रकार असाही दिसतो की वर्षानुवर्षं गोळी नीट चालते आणि मग एकाएकी जुलाब सुरू होतात. औषध जुनं म्हणून त्याच्यावर संशय जात नाही. रुग्णाच्या तपासण्यांवर तपासण्या होतात, दुर्बिणीने आतडं पाहिलं जातं, निदान काही होत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवडे गोळी थांबवून पाहणं हा साधा उपाय आहे. साखरेऐवजी वापरले जाणारे सॉर्बिटॉलसारखे गोड पदार्थही पोट ढिलं करतात. मधुमेहाच्या आणखी एका गोळीने, अकार्बोजने, तर गॅस आणि जुलाब हमखास होतात. तेव्हा वडील दिवसभरात आणखी काय काय घेतात याची यादी करा.

किडनीबद्दल.

हा समज का पसरला असावा याची मला तीन कारणं दिसतात. पहिलं म्हणजे मधुमेह स्वतःच किडनीला इजा करतो. दहा-पंधरा वर्षं साखर आणि रक्तदाब वाढलेले राहिले की किडनीच्या बारीक गाळण्या निकामी होत जातात. तेवढी सगळी वर्षं तो माणूस मेटफॉर्मिनही घेत असतो. घरच्यांना दिसतं ते इतकंच की गोळ्या घेत होते आणि किडनी गेली. दुसरं कारण असं की किडनीचं काम फार कमी झालं की डॉक्टर मेटफॉर्मिन बंद करतात. 'किडनीमुळे गोळी बंद केली' हे ऐकणाऱ्याच्या मनात सहज उलटं होतं. तिसरं कारण जुनं आहे आणि ते जरा सविस्तर सांगण्याजोगं आहे.

मेटफॉर्मिन ज्या गटातलं आहे त्याला बायग्वानाइड म्हणतात. त्याचं मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपातल्या औषधी वनस्पतीशी जोडलेलं आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वापरल्याचा अहवाल १९५७ साली फ्रान्समध्ये झाँ स्टर्न या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. त्याच सुमारास याच गटातलं फेनफॉर्मिन नावाचं औषध बाजारात आलं आणि तेच जास्त खपलं. फेनफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साठून रुग्ण दगावू लागले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस बहुतेक देशांत ते मागे घ्यावं लागलं. त्या बदनामीचा डाग मेटफॉर्मिनवरही लागला. अमेरिकेत त्याला परवानगी मिळायला १९९४ सालची अखेर उजाडली. दोन्ही औषधं एका कुळातली असली तरी शरीरात ती वेगळी वागतात. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका फेनफॉर्मिनच्या तुलनेत कितीतरी कमी आहे.

मग किडनीचा आणि या गोळीचा संबंध काय? मेटफॉर्मिनचं यकृतात विघटन होत नाही. ते जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर जातं. शोषल्या गेलेल्या औषधापैकी सुमारे ९० टक्के एका दिवसात असं निघून जातं. किडनी हा या औषधाचा बाहेर पडायचा दरवाजा आहे. दरवाजा अरुंद झाला तर आत गर्दी होते, पण गर्दीने दरवाजा अरुंद केलेला नसतो. किडनी कमी काम करत असेल तर मात्रा कमी करायची किंवा औषध थांबवायचं ते यासाठी.

यासाठी रक्ताच्या अहवालात ईजीएफआर नावाचा आकडा पाहतात. किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा तो अंदाज असतो, आकडा जितका कमी तितकं किडनीचं काम कमी. किडनी जो टाकाऊ पदार्थ बाहेर टाकते त्या नुसत्या क्रिएटिनीनवरून नीट अंदाज येत नाही, कारण वय, लिंग आणि स्नायूंचं प्रमाण यांप्रमाणे तेच क्रिएटिनीन वेगवेगळा अर्थ सांगतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनेही पूर्वीची क्रिएटिनीनची मर्यादा सोडून २०१६ साली ईजीएफआरवर आधारलेले नियम आणले. ते असे: ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देऊ नये. ३० ते ४५ च्या दरम्यान असेल तर नव्याने सुरू करू नये. आधीपासून चालू असताना ४५ च्या खाली आला तर फायदा-तोटा पुन्हा तोलावा. अशा वेळी बहुतेक डॉक्टर मात्रा निम्मी करतात, म्हणजे दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. ४५ च्या वर असलेल्यांनी घाबरायचं कारण नाही, वर्षातून एकदा, आणि ६० च्या खाली असेल तर तीन-सहा महिन्यांनी, तपासत राहावं. सोबत लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणीही करून घ्या. किडनीवर मधुमेहाचा परिणाम सुरू झाला असेल तर तो क्रिएटिनीन वाढण्याच्या कितीतरी आधी तिथे दिसतो.

तुमच्या वडिलांचा ईजीएफआर तुम्ही कळवलेला नाही. गोळी पुन्हा सुरू करण्याआधी तो आकडा हातात हवा. सहा महिन्यांपूर्वीचा असेल तर नवा करून घ्या.

आता जो धोका दुर्मीळ आहे पण जिवावर बेतू शकतो, त्याबद्दल. लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल साठणं. मेटफॉर्मिन घेणाऱ्या एक लाख लोकांत वर्षाला दहाहूनही कमी जणांना हे होतं असं मानलं जातं. आणि ज्यांना होतं त्यांच्यात बहुतेक वेळा दुसरं मोठं कारण हजर असतं: तीव्र जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी फार कमी होणं, किडनी अचानक काम करेनाशी होणं, हृदय किंवा श्वासाचा गंभीर आजार, यकृताचा गंभीर आजार, एकाच वेळी भरपूर दारू पिणं. यकृत रोज लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच रूप) वापरून त्यापासून साखर बनवतं. मेटफॉर्मिन हीच वाट मंद करतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण किडनी अचानक थांबली, औषध साठलं आणि आजारपणामुळे शरीरात लॅक्टेटही जास्त बनू लागलं, तर हिशोब कोलमडतो.

म्हणून हा नियम घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असावा असं मला वाटतं. उलट्या, जोराचे जुलाब, खूप ताप, काही खाता-पिता येत नाही, अशी अवस्था असेल त्या दिवशी मेटफॉर्मिन घ्यायची नाही. खाणं-पिणं नेहमीसारखं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की पुन्हा सुरू करायची. या दिवसांत रक्तदाबाच्या काही गोळ्या (ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येतं त्या), लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं त्या मधुमेहाच्या गोळ्याही त्रासदायक ठरू शकतात. त्यांतल्या कोणत्या थांबवायच्या हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, कारण आजारी पडल्यावर विचारायची शुद्ध राहत नाही. इन्शुलिन मात्र मनाने कधीही पूर्ण बंद करायचं नाही.

इथे एक फरक लक्षात घ्या. तुमच्या वडिलांना होत असलेले तीन-चार पातळ शौच आणि पाणी-पाणी करणारे जुलाब या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मात्रा कमी करून बघायचं असतं. दुसऱ्यात गोळी त्याच दिवशी थांबवायची. आणि श्वास खोल व जलद चालणं, अंगातलं त्राण जाणं, स्नायू दुखणं, पोटात कळा येऊन उलट्या होणं, ग्लानी येणं ही लक्षणं एकत्र दिसली तर फोनवर सल्ला घेत बसू नका. थेट रुग्णालयात न्या आणि मेटफॉर्मिन चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. वेळेत लक्षात आलं तर डायलिसिसने औषध आणि आम्ल दोन्ही काढता येतं.

बी१२ बद्दल मला जरा आग्रहाने लिहायचं आहे, कारण दीर्घकाळात सर्वाधिक लोकांना गाठणारा आणि सर्वाधिक दुर्लक्षित असा हाच दुष्परिणाम आहे.

बी१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्या क्रियेला कॅल्शियम लागतं. मेटफॉर्मिन तिथे अडथळा आणतं. २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेदरलँड्समधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींना चार वर्षांहून अधिक काळ मेटफॉर्मिन किंवा औषध नसलेली गोळी दिली होती. मेटफॉर्मिनच्या गटात रक्तातलं बी१२ दुसऱ्या गटाच्या तुलनेत १९ टक्क्यांनी कमी झालं आणि जसजसा काळ गेला तसतसं ते घसरतच गेलं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ साली हा दुष्परिणाम आधी समजला जात होता त्यापेक्षा बराच जास्त आढळतो असं सांगून डॉक्टरांना सावध केलं.

यकृतात बी१२ चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो. त्यामुळे कमतरता हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता येते. तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, चालताना तोल जातो, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, थकवा येतो, विसरायला होतं. आता अडचण कुठे आहे पाहा. पायांच्या मुंग्या आणि बधिरपणा हे मधुमेहाने नसा खराब झाल्याचंही लक्षण आहे. रुग्णाला मधुमेह आहे, पायाला मुंग्या आहेत, म्हणजे मधुमेहाचाच परिणाम, असं धरून वर्षानुवर्षं फक्त मुंग्यांच्या गोळ्या दिल्या जातात. बी१२ तपासलंच जात नाही. मधुमेहाने खराब झालेल्या नसा पूर्ववत करणं फार अवघड असतं. बी१२ अभावी झालेलं नुकसान मात्र लवकर लक्षात आलं तर भरून निघू शकतं. उशीर झाला तर तेही कायमचं राहतं. भरून निघण्याजोगं दुखणं केवळ तपासणी न झाल्याने कायमचं व्हावं, हे मला फार लागतं.

बी१२ च्या अभावाने होणारा रक्तक्षय असेल तर एचबीए१सीचा (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) आकडाही प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. साखर आटोक्यात नाही असं समजून औषध वाढवलं जातं. बोट टोचून घेतलेल्या साखरेशी एचबीए१सी जुळत नसेल तर हे कारण मनात आणावं.

कुणी जास्त जपावं? जे मोठ्या मात्रेत आणि चार-पाच वर्षांहून अधिक काळ ही गोळी घेत आहेत, जे मांसाहार करत नाहीत, ज्यांचं वय जास्त आहे, जे आम्लपित्तासाठी ओमेप्रॅझोल-पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्या कायम घेतात, ज्यांच्या जठराची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे. माझं मत असं की मेटफॉर्मिन सुरू करतानाच एकदा बी१२ तपासावं, म्हणजे पुढे तुलना करता येते. नंतर दर एक-दोन वर्षांनी. कमी निघालं तर मेटफॉर्मिन सोडायची गरज नसते. बी१२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शन यांनी कमतरता भरून निघते. नसांची लक्षणं असतील तर इंजेक्शनने सुरुवात करणं मी पसंत करते. एक सूचना: बी१२ ची खात्री केल्याशिवाय नुसतं फोलिक अ‍ॅसिड घेत राहू नये. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

साखर एकदम उतरण्याची भीती अनेकांना असते. एकट्या मेटफॉर्मिनने ती सहसा उतरत नाही, कारण हे औषध स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावत नाही. पण बाजारातल्या कितीतरी गोळ्यांत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं असतं आणि ही औषधं इन्शुलिन सोडायला लावतात. साखर उतरली की घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळ अशी लक्षणं दिसतात. म्हातारपणी, किडनी कमजोर असताना किंवा एखादं जेवण चुकलं की धोका वाढतो. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीच्या, नाडी मंदावणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांना धडधड जाणवतच नाही, घाम तेवढा येतो. साखर ७० च्या खाली गेली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. अकार्बोज घेणाऱ्यांना मात्र नेहमीची साखर उपयोगी पडत नाही, शुद्ध ग्लुकोजच द्यावं लागतं. तेव्हा वडिलांच्या गोळीच्या पट्टीवर घटक वाचा. नुसती मेटफॉर्मिन आहे की जोडगोळी, यावर बरंच ठरतं.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगते. मेटफॉर्मिनने यकृत बिघडत नाही. साध्या फॅटी लिव्हरमध्ये ती चालते, गंभीर यकृतविकारात टाळतात. वजन वाढत नाही, उलट एक-दोन किलो कमी होऊ शकतं. २०२० साली काही कंपन्यांच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांत एनडीएमए हा अशुद्ध घटक मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि तेवढे साठे परत मागवले गेले. तो दोष त्या गोळ्यांच्या साठ्यांत होता, मेटफॉर्मिन या औषधात नव्हे. एचआयव्हीसाठीचं डोल्युटेग्राव्हिर घेत असल्यास मेटफॉर्मिनची पातळी वाढते, त्यामुळे मात्रा मर्यादित ठेवावी लागते.

एवढं सगळं सांभाळून ही गोळी घ्यायचीच कशाला, असं वाटू शकतं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. त्यात वजन जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये मेटफॉर्मिनच्या गटात मधुमेहाशी संबंधित मृत्यू मुख्यतः पथ्यावर ठेवलेल्या गटापेक्षा ४२ टक्क्यांनी कमी होते. इतका जुना अनुभव असलेली औषधं मधुमेहात फारशी नाहीत.

तरीही शेवटी नाहीच सोसली, तर पर्याय आहेत. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या पोटाला सौम्य असतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज किंवा सांधेदुखी होते. ग्लिफ्लोझिन गट हृदय आणि किडनीला हितकारक आहे, पण जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि क्वचित साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन आम्लं साठतात, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस होतो. पायोग्लिटाझोनने अंगावर सूज येते, हृदय कमजोर असलेल्यांनी ते टाळावं. निर्दोष अशी एकही गोळी नाही. वडिलांच्या हृदयाची, किडनीची आणि वजनाची स्थिती पाहून डॉक्टर निवड करतील.

तर आत्ता काय करायचं? येत्या दोन-तीन दिवसांत त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि गोळी बंद केल्याचं स्पष्ट सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. औषध चालू आहे असं समजून त्यांनी साखरेचा अहवाल वाचला तर पुढची गोळी विनाकारण वाढेल. उपाशीपोटीची साखर, ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बी१२ करून घ्या. ईजीएफआर ४५ च्या वर असेल आणि पोट पूर्ण शांत झालं असेल, तर सावकाश विरघळणारी ५०० मिलिग्रॅमची एक गोळी रात्रीच्या जेवणासोबत, इथपासून पुन्हा सुरुवात करता येईल का ते विचारा. पूर्वीच्या १००० दोनदावर एकदम परत जाऊ नका. दहा दिवसांच्या खंडानंतर आतडं पुन्हा नवखं झालेलं असतं. तोवर साखर ३०० च्या वर जात असेल, फार तहान लागत असेल, लघवीला वारंवार जावं लागत असेल, तर भेटीची वाट पाहू नका.

स्कॅनबद्दल. डाय स्वतः मेटफॉर्मिनशी भांडत नाही. काळजी अशी असते की डायमुळे एखाद्याची किडनी तात्पुरती मंदावली तर औषध आत साठेल. म्हणून निर्णय पुन्हा ईजीएफआरवरच येतो. ६० च्या वर असेल तर शिरेतून दिल्या जाणाऱ्या डायसाठी गोळी थांबवावी लागत नाही. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर एफडीएच्या नियमाप्रमाणे स्कॅनच्या वेळी किंवा त्याआधी थांबवतात आणि ४८ तासांनी किडनी तपासून मग सुरू करतात. यकृताचा आजार, हृदयाची कमजोरी किंवा दारूचं व्यसन असलेल्यांनाही हाच नियम आहे. क्ष-किरण तज्ज्ञांच्या काही संघटना ३० च्या वर असलेल्यांना थांबवायची गरज नाही असं मानतात, त्यामुळे वेगवेगळ्या केंद्रांत वेगवेगळं सांगितलं जाईल. जिथे स्कॅन आहे तिथलं सांगणं पाळा, दोन-तीन दिवस गोळी चुकल्याने नुकसान होत नाही. फक्त नुसतं तोंडावाटे डाय देणार असतील तर हा प्रश्नच येत नाही.

स्कॅनच्या दिवशी काही तास उपाशी राहायला सांगतील. पट्टीवर ग्लिमेपिराइड किंवा तत्सम घटक निघाला असेल, तर त्या सकाळी ती गोळी घ्यायची का हे आदल्या दिवशीच विचारून घ्या, आणि स्कॅनची वेळ शक्यतो सकाळची मागा. पाणी पिण्यावर बंदी नसेल तर आदल्या दिवशी आणि नंतरही वडील पुरेसं पाणी पितात ना ते पाहा. ताज्या ईजीएफआरचा कागद सोबत न्या आणि गोळी थांबवायला सांगितली असेल, तर ४८ तासांनंतरच्या क्रिएटिनीन तपासणीची चिठ्ठी तिथून निघण्याआधीच घेऊन ठेवा.